काठावरचे हौसराव

भांडगावच्या कुठल्याही विहिरीत काही पडलं, की लोक आधी हौसरावांच्या दारात यायचे आणि मग देवाचं नाव घ्यायचे. मोटार अडकली, वासरू पडलं, आणि कधी कधी जे पडू नये तेही पडलं, तरी बुडी मारायला हौसरावच. तीन परस, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी बुडतील एवढ्या पाण्याच्या तळाला जाऊन हा माणूस परत वर येतो, याचं गावाला काही वाटेनासं झालं होतं. वाटायचं ते एकट्या सरूबाईला, त्यांच्या बायकोला. लग्न होऊन आल्यापासून ती दर वेळी विहिरीच्या काठावर उभी असायची, पदराचं टोक दातात धरून. पाण्याकडे बघायची नाही, समोरच्या बाभळीकडे बघायची. हौसराव वर आले की भिजल्या मिशीतून हसून म्हणायचे, "का गं, रडलीस व्हय?" ती घराकडे चालू लागायची.

त्यांचा मुलगा इंद्रजीत सणसवाडीला कंपनीत आहे. यंदा दिवाळीनंतर त्याने घरच्या सगळ्यांना घेऊन कोलाडला जायचं ठरवलं. कुंडलिकेच्या काठी तंबूत राहायचं आणि रबरी बोटीतून उसळत्या पाण्यातून नदी उतरायची. हे ऐकून हौसरावांच्या अंगात वारंच शिरलं. त्यांनी पारावरच्या मंडळींना त्या नदीची इतकी माहिती पुरवली, की त्यांनी ती कधी पाहिलेली तरी आहे का, हे विचारायचं लोकांच्या ध्यानातच आलं नाही. सरूबाईने एकच सांगितलं, "मी काय पाण्यात यायची न्हाई. चपला सांभाळीन."

तिथे सकाळी वरून धरणाचं पाणी सुटलं, आणि आदल्या संध्याकाळी निमूट वाहणारी नदी खडकांवरून धडधडायला लागली. हौसराव, इंद्रजीत, सून गौतमी आणि कॉलेजात जाणारी नात अंकिता असे चौघे जाकिटं घालून उभे राहिले. गाईडने सहज विचारलं, "काका, वय किती आपलं?" दुसरा कुणी असता तर चार वर्षं गिळली असती. हौसरावांना वाटलं, पोरगं कौतुकाने विचारतंय. छाती काढून म्हणाले, "त्रेसष्ट पुरी झाली. आन् अजून तीन परस पाण्यातनं तळाची माती वर आणतो मी."

गाईडने अदबीने त्यांचं जाकीट उतरवून घेतलं. साठीच्या वरच्या माणसाला बोटीत बसवायचं नाही, असा तिथला नियम. इंद्रजीतने रदबदली करून पाहिली, पण व्यर्थ. हौसरावांचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात सरूबाई म्हणाली, "ते जाकीट मला द्या. माझी साठी व्हायची हाय अजून."

"आई, तुला पवता येतंय का?" इंद्रजीत म्हणाला.

"जाकीट हाय की. काय हाय एवढं त्या पाण्यात, ते एकदा मला बगू द्या."

अंकिताने आजीला तंबूत नेऊन आपली ट्रॅक पँट आणि टी-शर्ट तिला घालायला दिला. बाहेर आल्यावर पदर नसल्याने सरूबाईला हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग तिने वल्हं धरलं, आणि बोट निघून गेली.

हौसराव चौघांच्या चपला मांडीवर घेऊन कॅम्पच्या जीपमध्ये बसले. वाटेत रस्ता नदीजवळ आला तिथे ड्रायव्हरने गाडी थांबवली. खाली बोट दिसली, लगेच पांढऱ्या पाण्यात गेली, पुन्हा दिसली, पण आडवी. टोप्या घातलेल्या त्या माणसांत आपली कुठली, ते हौसरावांना ओळखू येईना. बुडी मारणाऱ्याला निदान काम असतं. श्वास धरायचा, हात चालवायचे. इथे हातात नुसत्या चपला. त्यांना पाण्याकडे बघवेना, म्हणून ते पलीकडच्या एका झाडाकडे बघत राहिले. आणि आपण हे काय करतोय, ते ध्यानात आल्यावर त्यांना आतून फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत आपण तिची नुसती थट्टा केली.

बोटी जिथे काठाला लागतात तिथे ते जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने बोट आली. टोपी वाकडी झालेली, नखशिखांत भिजलेली सरूबाई गौतमीचा हात धरून उतरली आणि दगडावर बसली. ती हसत होती. "शेवटाला शांत पाण्यात उतरले बगा मी," ती म्हणाली. "दोरीला धरून तरंगले."

हौसराव तिच्याशेजारी बसले. चारचौघांत त्यांनी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती.

"सरू, एवढी वर्सं काठावर कशी काढलीस गं तू?"

तिने केस पिळले. "काढली म्हंजी काय. तुमी वर यायचा. मग मी घरी जाऊन च्या टाकायची."

हौसराव चपला खाली ठेवून उठले आणि रस्त्याकडेच्या टपरीवर गेले. दोन चहा सांगितले. टपरीवाल्याने विचारलं, "साखर कशी टाकू?"

आपल्या चहात किती साखर लागते ते त्यांना ठाऊक होतं. सरूच्या चहात किती, ते ठाऊक नव्हतं. "थांब जरा," असं त्याला सांगून ते तिला विचारायला माघारी निघाले.