विजू मैदानावर होता, पण खेळला नाही

मंडळी, एकेकाने लिहून पुढच्याला द्यायची आपली फिरती वही आज माझ्याकडे आहे, आणि सामना जिंकूनही मन खातंय.

सकाळी आपला फुटबॉलचा संघ एक-शून्यने जिंकला. प्रशिक्षक म्हणून मी विजूला बजावलं होतं, "त्यांच्या सात नंबरला सोडायचं नाही. चेंडू मिळाला की लगेच पास. नाचवत बसू नकोस." ही पद्धत मी पुस्तकात वाचली होती. विजूने ती तंतोतंत पाळली. एरवी तो तिघांना चकवून निघाला की भिंतीवर बसलेले लोक उभे राहतात. आज कुणी उठलं नाही.

सामना संपल्यावर त्याचे वडील भेटले. द्राक्षांची छाटणी सोडून ते पिंपळगावहून टेंपोने आले होते. म्हणाले, "सर, लय लांबून आलो. विजू खेळलाच नाय."

विजू हसला. "आबा, पूर्ण वेळ मैदानावर होतो की."

"होतास रे. खेळला कुठं?"

हरण्याच्या भीतीने मी हे केलं, असं स्वतःला समजावतोय. पण कॉलेजात तीन वर्षं खेळूनही मला कधी कुणाला चकवता आलं नाही, हेही खरं आहे. त्याचा यात काहीच वाटा नसेल का?

निघताना विजूने विचारलं, "रविवारी फायनललाही असंच खेळायचं ना, सर?"

मी हो म्हणालो.

वही शनिवारी माझ्याकडे परत येईल. माझ्या जागी तुम्ही असता, तर तो होकार मागे घेतला असता का?