आलेला खांदा

साखर कारखान्याबाहेर उसाच्या बैलगाड्यांची लांब रांग लागली होती. प्राण्यांच्या छळाचा तपास करणाऱ्या आमच्या संस्थेसाठी मी जखमी बैलांचे फोटो काढत हिंडत होते. एका म्हाताऱ्या गाडीवानाने मला हाक मारली आणि जुवाखालचं फडकं आपणहून बाजूला केलं. बैलाच्या खांद्याचं कातडं सोलून आतलं मांस उघडं पडलं होतं. मी फोटो काढला.

"खांदा आलाय बघा ताई. औषध आणलंय न्हवं?"

"नाही हो काका. आम्ही फक्त अहवाल करतो."

देणग्या तपासासाठी येतात, त्यात मलम बसत नाही, हे त्याला समजावण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी कितीतरी जखमा टिपल्या, पण एकीवरही माझं बोट फिरलं नाही. तेवढ्यात रांग सरकली. बैल निमूट चालू लागला, आणि मीही, पुढच्या गाडीकडे.