गरम दट्टे

कारखान्यात तिला पाठीमागे नकारघंटा म्हणत, तोंडावर मॅडम. तिचा धाकटा दीर तिथंच मशिनवर होता. तो नुसतं "वहिनी" म्हणे आणि त्या एका शब्दात दोन्ही बसवी.

ती क्वालिटी इंजिनियर. काम पंपाचे दट्टे तपासायचं. अॅल्युमिनियमचा दट्ट्या पोलादी कड्यातून अलगद गेला तर पास, अडला तर नापास.

त्या आठवड्यात दिराला शिफ्ट इन्चार्ज केलं होतं, तात्पुरतं. त्याची पहिली ऑर्डर आज संध्याकाळच्या ट्रकने गेली तर पद कायम, नाही तर पुन्हा मशिनवर. आणि सकाळपासून नापास मालाची लाल पेटी ओसंडून वाहत होती.

"वहिनी, काल मी भांडी नाही घासली, त्याचा राग काढताय का?"

"तो राग वेगळा, भावजी. तो घरी काढीन."

"अहो, मशीन दोनदा लावून बघितलं. माल बरोबर येतोय."

"मग कडं खोटं बोलतंय?"

"कडं तुमचंय. तुमच्यासारखंच बोलणार."

ती हसली, पण आत काहीतरी खुपलं. पोलादी कड्याला दीर नसतो. तिला होता, म्हणूनच आज ती जरा जास्तच ताठ वागत होती.

जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच लाल पेटीपाशी गेली. तळातून सकाळचा एक दट्ट्या काढून कड्यात घातला. तो सुळकन पार गेला. दुसराही. मग तिने टेबलावरचा ताजा दट्ट्या उचलला. हाताला ऊब लागली.

माल येईपर्यंत ताटकळायला नको, म्हणून कालच तिने हट्टाने आपलं टेबल धुतलेले दट्टे वाळवायच्या भट्टीशेजारी हलवून घेतलं होतं. भट्टीतून निघालेला, तापून किंचित फुगलेला दट्ट्या ती तसाच मोजत होती.

तिने दिराला हाक मारली. "सगळे परत मोजायचे. गार करून."

"म्हणजे माझं मशीन..."

"मशीन ठीक आहे. टेबलाची जागा चुकली. ती मी निवडली."

"वहिनी, हेच जरा मोठ्याने म्हणा ना. मशिनांचा फार आवाज आहे."

"मशिनं बंद आहेत, भावजी."

पेटी हळूहळू रिकामी होत गेली. मूठभर दट्टे मात्र गार होऊनही अडले.

"एवढे तरी सोडा आता."

"हे खरंच जाड आहेत."

"आत्ताच तर चूक कबूल केलीत!"

"म्हणूनच. आता माझ्या 'नाही'वर कुणी शंका घेणार नाही."

ट्रक दाराशी लागला तसे मालक आले. "सकाळभर माल अडला. चूक कुणाची?"

सवयीने सगळ्यांच्या माना दिराकडे वळल्या.

"माझी," ती म्हणाली.

या प्रश्नाचं उत्तर त्या कारखान्यात इतक्या लवकर कधी मिळालं नव्हतं. मालकांनी रागवायची पुरी तयारी केली होती, ती तशीच राहिली. "बरं," ते म्हणाले, "मग... भरा ट्रक."

दीर केव्हाच पेट्या उचलायला लागला होता. शिफ्ट इन्चार्जने त्या उचलायच्या नसतात, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.