चुलीचं तोंड

चुडाव्याजवळच्या त्या वस्तीवर सुगंधाबाईच्या हातची चूल नाही असं घर शोधून सापडायचं नाही. नवरा भुजंग मेंढरं राखायचा, ही माती मळायची. पिंगळीला आठ दिवस प्रशिक्षण घेऊन ती निर्धूर चूल शिकून आली आणि पहिली मांडली ती घरच्या सुनेसाठी. दीपिका भाकरी थापता थापता खोकून बेजार व्हायची. नव्या चुलीचं तोंड लहान, धूर पाइपातून थेट बाहेर. पंधरा दिवसांत खोकला निम्म्यावर आला.

सोळाव्या दिवशी भुजंगानं ताट सारलं. "निखाऱ्याला टेकवल्याबिगर भाकर फुगत न्हाई. ही काय भाकर हाय का कातडं?"

चुलीच्या तोंडाशी भाकरी उभी टेकवायची, तर तिथं जागाच नव्हती. मग या शहाण्या बाईनं खुरपं घेतलं आणि तोंड चार बोटं मोठं केलं. भाकरी टम्म फुगली, भुजंग खूश, आणि धूर पुन्हा घरात. एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण शेजारणी म्हणाल्या, "आमालाबी अशीच करून द्या." कौतुकाला भुलून तिनं अकरा घरी तसल्याच चुली मांडल्या.

एका सकाळी ती पाण्याला निघाली. बाया न्याहारीच्या भाकरी करत होत्या आणि घराघरातून खोकला ऐकू येत होता. ती रिकामी घागर घेऊन माघारी आली.

"दीपिका, लय तकलीफ व्हायलीय का गं? बोलली का न्हाईस?"

"तुमी मामांसाठी केलतं, आत्याबाई. मी काय बोलू?" सून खाली बघत म्हणाली. "पर त्या पंधरा दिवसांत मला रातभर झोप लागत हुती."

सुगंधाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं माती कालवली आणि चुलीचं तोंड लिंपून पुन्हा लहान केलं.

"मंग माझी भाकर?" भुजंग दारातून ओरडला.

"तव्यावरची खायची. गोड न्हाई लागली तर उपाशी ऱ्हावा."

तीस वर्षांच्या संसारात ती असं पहिल्यांदाच बोलली. तो तरातरा निघून गेला.

उरलेली माती घमेल्यात घेऊन ती उठली. त्या अकरा चुलींची तोंडंही लहान करायची होती. घरच्या माणसाला ती कशीबशी बोलली होती. तिकडं अकरा घरी अकरा नवरे न्याहारीला बसले असणार. शेजारच्या पार्वतीबाईच्या दाराशी ती थांबली. आत पार्वतीबाई खोकत होती, आणि तिचा नवरा आणखी एक भाकर मागत होता.