एमा ओयोहचं मागचं दार

एमा ओयोहने ओढ्याकाठची पायवाट बांबू आडवा टाकून बंद केली, ही बातमी मंगळवारी सकाळी बाजारात पोचली. दुपारपर्यंत त्या बांबूला विळाही बांधला गेला होता.

बांबू होता, हे खरं. पण त्यावर एमाचे दोन सारोंग वाळत होते, विळा नव्हता. वाट बंद नव्हती, जरा वाकून जावं लागत होतं इतकंच. आणि वाकून तर तसंही जावंच लागतं.

चिरान्दू गावात घरांची तोंडं मोठ्या रस्त्याकडे आणि पाठी ओढ्याकडे. त्यामुळे पायवाट जाते ती सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या दारावरून. कुणाच्या दारासमोरून जायचं तर उजवा हात खाली सोडायचा, कंबरेत जरा वाकायचं आणि 'पुंतेन' म्हणायचं. घरातल्यानं 'मांग्गा' म्हटलं की पुढे जायला मोकळे. बाकीच्या बायका चुलीपाशी बसल्या बसल्या मांग्गा म्हणतात. एमा ओयोह मात्र नवरा गेल्यापासून चौदा वर्षं उंबऱ्यावरच बसलेली, आणि तिचं खरं बोलणं मांग्गाच्या पुढे सुरू होतं.

"मांग्गा. सुनेच्या पायाची सूज उतरली का?"

"मांग्गा. ही पिशवी बाजारची नाही, माहेरची दिसते."

दोन मिनिटांचा टप्पा तिच्या दारात वीस मिनिटांचा होतो. मुलगा बांडुंगला, घरात दुसरं माणूस नाही. मग बोलण्याची वसुली येणाऱ्याजाणाऱ्याकडूनच होते.

गेल्या साली नगर कचेरीनं वाटेला फरशी घातली, दिवे लावले, तळपाय चेपायला गोटे बसवले. मग बूट घालून, कानात गाण्याची बोंडं खुपसून चालणारे आले. ते पुंतेन म्हणेनात. एमा त्यांना न मागता मांग्गा म्हणू लागली, तेही पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं.

तर बांबूची बातमी ऐकून कचेरीतले साहेब, पाक एंग्कोस, बुधवारी आले. एमानं त्यांना कॉफी दिली, गरम बाला-बाला भजी तळून दिली. तिसरं भजं तोंडात असताना त्यांनी विषय काढला.

"एमा, या चालणाऱ्यांचा तुम्हाला फार त्रास दिसतो. तुमच्या घराच्या अलीकडेच लाकडी पूल टाकतो, वाट पलीकडच्या काठानं नेतो. शनिवारी सुतार येतील. चालेल ना?"

घरी आलेल्या, आपलं भजं खाणाऱ्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं चिरान्दूत कुणाला जमलेलं नाही. एमानं मान खाली घातली. "आपली मर्जी, पाक."

पाकनी वहीत 'संमती' असं लिहिलं आणि चौथं भजं उचललं.

शेजारचा दुदुंग सगळं कुंपणावरून ऐकत होता. पाहुणा गेल्यावर म्हणाला, "एमा, 'नको' हा शब्द संपला होता का घरात?"

"घास होता रे त्याच्या तोंडात."

"मग आता बसा केळीच्या बनाला मांग्गा म्हणत."

त्या रात्री एमा जेवली नाही. शुक्रवारी सकाळी सातला चांगला सारोंग नेसून ती कचेरीत जाऊन सांगायला निघाली. शुक्रवारी कचेरी अकराला नमाजासाठी बंद होते, पण कचेरीपर्यंतची वाट ती किती, वीस मिनिटांची. चौदा वर्षं दुसऱ्यांना अडवणाऱ्या बाईनं स्वतः ही वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत कधी चालून पाहिली नव्हती.

पहिल्याच दारात तिनं वाकून पुंतेन म्हटलं.

"मांग्गा, एमा. सूर्य कुठून उगवला आज? आत तरी या."

नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दारात चहा, तिसऱ्यात नव्या नातीचं तोंड बघणं, पाचव्यात जुनं भांडण मिटवणं. दुदुंग बाजाराला जाताना ती चौथ्या दारात होती, परतताना सातव्यात.

"एमा, माझा बाजार झाला, मासळी साफ करून झाली. तुम्ही कुठवर?"

"गप बस. यांनी केळी उकडायला ठेवलीत."

नवव्या दारात अकरा वाजले. एमाच्या हातातला पेला तसाच राहिला. आता शनिवार उजाडणार आणि सुतार येणार. तेवढ्यात टोपी घातलेले पाक एंग्कोस मशिदीकडे निघालेले दिसले. फोन कानाला होता, पुंतेनचा पत्ता नव्हता.

"मांग्गा, पाक," एमा म्हणाली.

पाक थबकले. फोन खिशात गेला, हात खाली आला, कंबर वाकली. "पुंतेन, एमा."

"तो पूल नको."

"अहो, पण तुम्हीच तर..."

"तेव्हा तुम्ही माझे पाहुणे होतात. हे दार माझं नाही, इथं मला बोलता येतं. नको."

पाकनी उंबऱ्यातल्या चार बायकांकडे पाहिलं. चौघी त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांनी वही काढली, एक ओळ खोडली. "सुतारांना कळवतो. बांबू तेवढा हातभर वर बांधा."

"बांधते."

दुदुंग हे बघायला मासळी चुलीवर तशीच टाकून आला होता. "चार तासांत नऊ दारं," तो म्हणाला. "कळलं ना आता, एमा, तुमच्या दारात आमचं काय होतं ते?"

"कळलं. एकाही दारानं मला तसंच जाऊ दिलं नाही. म्हणूनच पूल नको म्हणाले."