एकशे एकवर अडलेला काटा

सावरकुंडल्याच्या लुहार शेरीत, म्हणजे लोहारांच्या गल्लीत, मनहर पिठवाचं काट्यांचं दुकान होतं. बापाच्या काळी पितळी पारड्यांचे तराजू व्हायचे, मनहर गोण्या तोलायचे मोठे लोखंडी काटे बनवायचा. गावात असे कारखाने पुष्कळ, पण पिठवाच्या काट्यात गुंजभर फरक निघत नाही, असं कपाशीचे व्यापारी म्हणत. बनवणारा मात्र एकशे बेचाळीस किलोचा. ऐरणीपुढे मांडी घालून बसणं सुटून सहा वर्षं झाली होती. गुडघे धरलेले, साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू, आणि झोपेत श्वास असा अडकायचा की बायको रसीला दचकून उठायची. शेवटी एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने भावनगरला जाऊन जठराचं ऑपरेशन करून घेतलं, पोट लहान करून घेतलं.

पहिले आठ महिने वजन नुसतं ओसरत होतं. सदरे तीनदा आत घ्यावे लागले. समोरचे कपाशीचे दलाल वजुभाई रोज सकाळी ओरडायचे, "चढ रे मनहर!" आणि मनहर आपल्याच काट्यावर चढायचा. शेरीतली माणसं जमायची. त्यालाही ते आवडायचं, का नाही आवडणार? उभ्या आयुष्यात त्याच्या अंगाचं कौतुक कुणी केलं नव्हतं.

मग एकशे एकवर काटा अडला.

पहिला आठवडा त्याने मनावर घेतलं नाही. दुसऱ्या आठवड्यात काट्यावरच संशय घेतला. वीस-वीस किलोची तपासणीची पाच वजनं चढवली. बरोबर शंभर. वर किलोचं एक ठेवलं. एकशे एक. आपला काटा खरा निघाल्याचं त्याला जन्मात पहिल्यांदा वाईट वाटलं.

"काय, आज भाव काय उघडला?" वजुभाई विचारायचे.

"एकशे एक."

"म्हणजे कालचाच! बाजार मंदा आहे बुवा."

घरात आई, उजीबा, बाजरीच्या रोटल्यावर तुपाची धार सोडत म्हणायची, "पोट कापलं तरी तेवढाच. आपलं हाडच रुंद आहे दीकरा. तुझे बापू असेच होते. खा गुपचूप."

मनहरने खाणंच तोडलं. सकाळी वाटीभर कढी, दुपारी खिचडीचे चार घास, संध्याकाळी नुसती छास, पातळ ताक. नवली नदीपर्यंत एक फेरी मारायचा, तिथे दोन मारू लागला. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. बोलायचाही कंटाळा येई. गिऱ्हाईक आलं की तो बोटानेच काटा दाखवायचा. आठव्या आठवड्यात भट्टीपुढे त्याच्या हातातून घण सुटला आणि तो कोळशाच्या ढिगावर मटकन बसला. रसीलाने तोंडावर पाणी मारलं, चेहरा पुसला आणि दुसऱ्या दिवशी काही न विचारता त्याला भावनगरच्या बसमध्ये घातलं.

दवाखान्यात आहार बघणारी ऋत्वीबेन त्याच्या मुलीच्या वयाची होती. काय खाता, म्हणून तिने विचारलं. मनहरने जरा अभिमानानेच सांगितलं, रसीलाने घण सुटल्याचंही.

"आणि चहा?"

"चहा काय, होतो एखादा."

"नऊ वेळा," रसीला म्हणाली. "अर्धा अर्धा. येईल त्या गिऱ्हाइकाबरोबर. साखरेचा."

ऋत्वीबेनने पेन ठेवलं. "मनहरभाई, शरीराला वाटतंय दुष्काळ पडलाय. मिळेल ते धरून ठेवतंय. चरबी राहते आणि दंडातलं मांस झडतं. घण असा सुटत नाही उगाच. मूग, पनीर, दही आधी खा. छास जेवणाबरोबर नको, नंतर अर्ध्या तासाने. चहातली साखर आजपासून बंद. आणि वजनाचा हा थांबा जवळजवळ सगळ्यांनाच येतो."

"किती दिवसांचा?"

"तारीख नाही देता येत."

"पण ऐंशीवर येईन ना मी?"

"यालच असं नाही."

मनहरने पोटावर हात ठेवला. "मग पोट कापलं कशाला?"

"झोपेत श्वास अडकतो अजून?"

"नाही," उत्तर रसीलाने दिलं. "कित्येक महिन्यांत मी मधेच उठले नाही. साखरेच्या गोळ्याही सुटल्या."

"ते सगळं खरं," मनहर म्हणाला. "पण थकलो बेन. रोज उठायचं आणि तेच."

"मग रोज चढू नका. महिन्यातून एकदा इथे या, इथेच बघू."

दुसऱ्या दिवशी वजुभाईंनी भाव विचारला. मनहर म्हणाला, "बाजार बंद." ते हसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. मनहरने कानस खाली ठेवली. "वजुभाई, तुमच्या लेकीला दहा वर्षांत मूल नाही. मी रोज रस्त्यावरून ओरडून विचारतो का?"

वजुभाईंचा चेहरा उतरला. ते पेढीत निघून गेले. आपण फार बोललो, हे मनहरला तिथल्या तिथे कळलं, पण उठून जायचं बळ नव्हतं. दोन दिवसांनी वजुभाईच चहाचे दोन पेले घेऊन आले. "बिनसाखरेचा आहे," ते म्हणाले. "कडू लागतो रे. पी." दोघांनी ओट्यावर बसून प्यायला.

ऋत्वीबेनने दिलेली प्रथिनांची पावडर पाण्यात ढवळली की भिंतीच्या चुन्यासारखी लागायची. सकाळी तो पाच किलोची वजनं दोन्ही हातांत घेऊन वर-खाली करायचा, रसीला मोजायची. महिन्याने भावनगरला चारशे ग्रॅम वाढलेलेच निघाले. परतीच्या बसमध्ये सिहोरला त्याने पावडरचा डबा रसीलाच्या मांडीवर ठेवला. "बस झालं आता," तो म्हणाला. रसीला म्हणाली, "बरं. संध्याकाळी मूग भिजत घालते." आणखी एका महिन्याने नव्याण्णव भरले. दिवाळीला शहाण्णव झाले आणि तिथे अडीच महिने पुन्हा अडले. या वेळी त्याने खाणं तोडलं नाही, इतकंच. माघ सरता सरता त्र्याण्णव. यापुढे फार आशा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याने मान डोलावली. ऐरणीपुढे आता मांडी घालता येत होती. उठताना हात टेकावा लागायचा.

त्या फाल्गुनात दवाखान्यात पेशंटांची बैठक होती. ऋत्वीबेनने त्याला नव्यांशी बोलायला बसवलं. बोटादची एक बाई नऊ आठवड्यांपासून एकाच आकड्यावर होती. पदराने डोळे पुसत तिने विचारलं, "भाई, किती दिवसांत सुटतं हे?"

काहीतरी बरं बोलावं असं मनहरला फार वाटलं. पण त्याने खरं तेच सांगितलं. "माहीत नाही बेन. मला एकदा चार महिने लागले, एकदा अडीच. दुपारी काय जेवलात?"

"काहीच नाही."

त्याने पिशवीतून डबा काढला, उकडलेले मूग झाकणात अर्धे करून तिच्यापुढे सरकवले. "हळू चावा. घाई केली तर उलटून येतं."

ती चावत राहिली, तोही. परतीच्या बसची वेळ होत आली होती आणि रसीला दारातून घाई करत होती. मनहरने हातानेच तिला थांब म्हटलं.