अठरा थर

१२ फेब्रुवारी १९८६, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. नागपूरच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली मी रंगाचा अठरावा थर मोजला, आकडा वहीत उतरवला, आणि शिपायाने तार हातात दिली. नामदेवमामा गेला होता. चार दिवसांनी, रविवारी, तोच आकडा घेऊन मी त्याच्या गावी, अड्याळला, जाणार होते. दहा वर्षं चोर म्हणवून घेतलेल्या माणसाच्या निर्दोषत्वाचा पुरावा तयार झाला, तेव्हा तो माणूस उरला नव्हता... या उशिरातला माझा वाटा मी नाकारत नाही. नमुने दिवाळीतच घेतले होते. परीक्षा आणि प्रबंध मी त्यांच्या पुढे ठेवले.

मामा नाटक मंडळात डबल बास वाजवायचा. माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचं चार तारांचं वाद्य. खाणीवरचा गोरा साहेब बंगला सोडून गेला तेव्हा, १९५८ साली, मंडळाच्या मालकांनी ते आणलं. धानकापणी आटोपून गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरल्या की नाटकं सुरू होत, आणि त्याआधी दरवर्षी सीताराम पेंटर पडदे नव्याने रंगवी. उरलेल्या रंगाचा एक हात सिंहासनावर, खुर्च्यांवर आणि बासवरही फिरे. मामा कळवळायचा.

"अबे सीताराम, वाद्य आहे हे, बंडी नाई!"

"मालकाचा हुकूम आहे, नामदेवा. मधात उभा राहशीन त तुलेही रंगवतो."

१९६९ साली नदी उतरताना सामानाची बैलबंडी कलंडली आणि बासची पाठ फुटली. मामाने गावच्या सुताराकडून शिवणीच्या लाकडाची नवी पाठ बसवून घेतली. तसं मालकांना सांगितलंही. सहा वर्षांनी मालकांनी नागपूरहून एक जाणकार बोलावला. त्याने पाठ ठोकली, आतून लाकूड पाहिलं आणि निकाल दिला की हे इथलंच, अलीकडचं काम. पुढून तो बास त्याने पाहिलाच नाही. पुढे नुसता ऑइलपेंट होता. मालक सर्वांसमोर म्हणाले, नदीचं निमित्त करून नामदेवने साहेबाचा बास विकला आणि अख्खा गावठी बनवून आणला. ऐन बाजाराच्या दिवशी त्यांनी बास बंडीत घालून मामाच्या घरी पाठवला. "चोराचं लाकूड चोराच्या घरी." मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि त्या बंडीमागून चालत होते.

त्यानंतर एकाही मंडळाने मामाला बोलावलं नाही. तो घरीच, मागच्या खोलीत वाजवत राहिला. मी वनस्पतिशास्त्राकडे वळले, तेव्हापासून दर सुट्टीत त्याचं एकच मागणं असे. "माय, तुह्या त्या यंत्रातून पाह्य न एकदा. मले सांगू नको, मले मालूम आहे. त्यायले सांग."

पाहिलं. पुढचं लाकूड स्प्रूससारख्या, थंड डोंगरात वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडाचं आहे. त्यात ब्याण्णव वार्षिक वलयं दिसतात. मात्र ते झाडाचं किमान वय, वाद्याचं नव्हे. देश कोणता, हे मी सांगू शकत नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यातलं ते नाही, एवढं सांगू शकते. खरा पुरावा लाकडावर होता. रंगाचा टवका मेणात बसवून आडवा कापला की थर मोजता येतात. दरवर्षी एक थर. पाठीवर सात: १९६९ ते १९७५. पुढच्या बाजूवर अठरा: १९५८ ते १९७५. बास बदलला असता, तर पुढेही सातच निघाले असते.

तेरवीला मालक आले. मामाच्या फोटोला हार घालून भाषणाला उभे राहिले. "नामदेव गेला, झाडीपट्टीचा कलावंत गेला..." मी सूक्ष्मदर्शक नेला होता. मांडवाच्या उन्हात टेबलावर तो मांडला आणि त्यांना म्हटलं, मोजा.

"बाई, आज तेरवी आहे. आज कायले हे?"

"दहा वर्षांपूर्वी बाजार होता. तेव्हा चाललं."

ते हलेनात. म्हातारा सीतारामच आधी वाकला. बराच वेळ पाहत राहिला आणि मग खालून वर, मंत्र म्हणावेत तसे रंग म्हणू लागला. "हिरवा, जंगलाचा. हा जांभळा, दरबाराचा. हा निळा, त्या साली पडद्यावर समुद्र होता... मालक, हे माह्याच हातचं आहे सारं." पंच्याहत्तर साली तो गप्प बसला होता, हेही इथे लिहून ठेवते. मग मालकांना वाकावंच लागलं.

"अठरा," ते पुटपुटले.

"मोठ्यानं."

"अठरा!"

ते माफी मागू लागले. मी ती घेतली नाही. ज्याची होती तो घ्यायला नव्हता. मंडळाच्या गावांत वर्तमानपत्राचं हे पान पोचतं, म्हणून हे लिहिते आहे. मांडवात शंभरेक माणसं होती. त्या बाजारात अधिक होती.

गेल्या आठवड्यात त्या मागच्या खोलीत पुन्हा गेले. बास कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा आहे. एक नोंद राहिली होती. वाजवताना जी कडा मामाच्या कमरेला टेकायची, तिच्यावर भिंग धरलं. सीतारामने तीही दरवर्षी रंगवली असणार, आणि मामाने दरवर्षी अंगाने झिजवली असणार. तिथे उघडं, गुळगुळीत, मधाच्या रंगाचं लाकूड आहे. वहीत लिहिलं: कमरेची कडा, थर ०.